मावशीची एक खोटी चिठ्ठी

मावशी वाचनालयाच्या पायरीवरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा घरात सगळ्यांनी आधी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी दोन महिन्यांपूर्वी सुटली होती. नवरा नाही, मूलबाळ नाही. आमच्याकडे असा माणूस म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. "तू रिकामीच आहेस," आई म्हणाली. "जा सहा आठवडे. मीच गेले असते गं, सख्खी बहीण आहे माझी, पण हे गुडघे." आईचे गुडघे नेमके बहिणीकडे जायचं म्हटलं की धरतात. लग्नकार्याला ठणठणीत असतात.

मी गेले ती कपाळाला आठ्या घालूनच. मावशीला मी तशी ओळखतच नव्हते. चार-पाच वर्षांतून एकदा ती यायची, कोपऱ्यात बसायची, आमच्या शाळेच्या पुस्तकांतलं इंग्रजी वाचायची आणि दुसऱ्या दिवशी परत जायची. तिच्याबद्दल घरात दोनच गोष्टी बोलल्या जायच्या. एक म्हणजे बापाचं करत बसली म्हणून तिचं लग्न राहून गेलं. दुसरी म्हणजे तिचं कुठल्या तरी शब्दकोशवाल्याशी पत्रापत्रीचं काहीतरी आहे. हे दुसरं सांगताना आई डोळे मिचकावायची. त्या न पाहिलेल्या माणसाला आम्ही भावंडांनी 'कोशोबा' असं नाव ठेवलं होतं. "मावशी, कोशोबा काय म्हणतात?" असं विचारून आम्ही खिदळायचो, आणि ती आपली साळसूदपणे उत्तर द्यायची की बरे आहेत, सध्या 'सी' अक्षरावर आहेत.

तिचं घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली पूर्वी आजोबांचं मटणाचं दुकान होतं, तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. जिना इतका उभा, की मोडका हात घेऊन ही बाई रोज चढते-उतरते कशी हेच मला कळेना. दार उघडलं तर समोर टेबल, एक खुर्ची, एक खाट, आणि भिंतीला लागून पार छतापर्यंत बुटांचे रिकामे खोके. मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक कप. "बस ना," ती म्हणाली, आणि मग तिच्याच लक्षात आलं की बसायला जागा नाही. मी खाटेवर बसते म्हणेपर्यंत ती गळ्यातल्या झोळीतला हात सांभाळत खाली गेलीसुद्धा. थोड्या वेळाने चष्मेवाला एक खुर्ची डोक्यावर घेऊन वर आला. "बावीस वर्षं शेजारी आहे मी," तो मला म्हणाला, "पण बाईंनी दुसरी खुर्ची पहिल्यांदाच मागितली." मी हसले. मावशीही हसली. पण त्या खुर्चीवर बसताना मला उगाचच अपराधी वाटलं.

आजोबा खाटीक होते. मला ते आठवत नाहीत. जे काही कळलं ते त्या सहा आठवड्यांत मावशीच्या तोंडून. दुकानात मधोमध लाकडाचा ओंडका होता, सत्तूर मारून मारून वाटीसारखा खोल झालेला. भिंतीला मांस टांगायचे आकडे. जमिनीवर भुसा, तो दिवसातून दोनदा झाडून नवा टाकायचा. मावशीकडे पुड्या बांधायचं काम होतं, वयाच्या नवव्या वर्षापासून. पुड्यांचा कागद रद्दीतून यायचा, आणि त्या गावात कुठली तरी जुनी इंग्रजी पुस्तकांची लायब्ररी मोडीत निघाली होती, त्यामुळे दोन-तीन वर्षं आजोबांच्या गिऱ्हाइकांनी मटण इंग्रजी कादंबऱ्यांत गुंडाळून नेलं. मावशी पान वाचून झाल्याशिवाय पुडी बांधायची नाही. गिऱ्हाईक हात पुढे करून उभं, आणि ही ओठ हलवत वाचतेय. आजोबा ओरडायचे, "अगं, लोकांना जेवायचंय आज!" गोष्ट तर कधीच पुरी व्हायची नाही. पान एकशे चाळीस एका घरी गेलं आणि एकशे एक्केचाळीस दुसऱ्या घरी. मावशी म्हणायची, "मला अजून त्या गोष्टींचे शेवट माहीत नाहीत."

माझ्या आईने लवकर लग्न करून ते घर सोडलं आणि तो वासही सोडला. मावशीला स्थळं यायची ती दोन तऱ्हांची. शिकलेल्यांना खाटकाची मुलगी नको आणि खाटकांना इंग्रजी वाचणारी नको. ना घर का ना घाट का, असं आई म्हणते. मग आजोबांचे हात थरथरायला लागले, आणि मग ते गेले. दुकान विकलं, वरच्या दोन खोल्या राहिल्या. मावशी एका लाँड्रीत लागली. लोकांच्या कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचायच्या, एकोणीस वर्षं.

आजोबा गेले त्याच वर्षी तिने वाचनालयात एक छापील पत्रक पाहिलं. जुन्या इंग्रजी शब्दांचा मोठा कोश होतोय, शब्द इंग्रजी, अर्थ आपल्या भाषेत. वाचकांनी पुस्तकं वाचावीत, जुना शब्द दिसला की तो ज्या वाक्यात आलाय ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवावं. एका चिठ्ठीवर एकच शब्द. डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली वाक्य, त्याखाली पुस्तक, लेखक, साल, पान. मागची बाजू कोरी. मावशीने पहिल्या महिन्यात चाळीस चिठ्ठ्या पाठवल्या, सगळ्या खाटकाच्या धंद्यातल्या शब्दांच्या. दुसरे वाचक फुलांचे शब्द पाठवत होते, जहाजांचे, कपड्यांचे. मांसाकडे कोणी फिरकत नव्हतं. कोशाच्या कार्यालयाकडून एक छापील पोचपावती आली आणि तिच्या खाली संपादकांनी शाईने लिहिलेली एक ओळ, "आपल्यासारख्या वाचकाची आम्ही वाट पाहत होतो." ही ओळ मावशीने मला कोरड्या आवाजात सांगितली, पण तोंडपाठ.

तेव्हापासून बावीस वर्षं. ती दर शुक्रवारी चिठ्ठ्यांचं पाकीट टाकायची, आणि दर आठवड्याला, कधी दहा दिवसांनी, त्यांचं कार्ड यायचं. पुढे पुढे कार्डावर छापील मजकुरापेक्षा शाईच जास्त असायची. भेट कधी झाली नाही. फोन कधी झाला नाही. त्यांच्या वयाची चौकशी करणंही तिला आगाऊपणाचं वाटलं. दुसरं कोणी तिला पत्र लिहीत नव्हतं. आम्ही तर नव्हतोच.

तर माझं काम असं, की सकाळी तिची वेणी घालायची, पाव आणि अंडं करायचं, आणि मग ती सांगेल त्या चिठ्ठ्या लिहायच्या. मला राग यायचा. माझं अक्षर तिला पसंत पडायचं नाही. "साल जरा ठळक काढ गं," म्हणायची. मी म्हणायचे, "मावशी, हे वाचणारं कोण आहे? तू, तो कोशोबा आणि वाळवी." कसायाला गाय धार्जिणी म्हणतात तसं झालं होतं, मी जितकी टाकून बोलायचे तितकी ती माझ्याशी गोड व्हायची. आता आठवलं की स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

तिसऱ्या आठवड्यात तिने मला तिचा आवडता खोका काढायला लावला. त्यात एकाच शब्दाच्या चिठ्ठ्या होत्या, साठाच्या वर. शब्द होता 'चाइन'. मी म्हटलं, हे काय असतं? ती खुलली.

"हा खाटकाचा जुना शब्द आहे. पण बघ, पुस्तकवाले त्याचं काय काय करतात." तिने चिठ्ठ्या माझ्यापुढे पत्त्यांसारख्या लावल्या. एकीत सरदार शिकारीहून भुकेला येतो आणि त्याच्यापुढे चाइन वाढतात. दुसरीत लढाई चाललीय, तलवार डोक्यात बसते ती थेट चाइनपर्यंत उतरते. एक रोजनिशीवाला लिहितो की आज पाहुणे होते, चाइन केली, सोबत कोंबड्या, आणि सगळे फार खाऊन आजारी पडले. एका कवीला म्हातारीची वाकलेली पाठ दाखवायची होती, त्यानेही हाच शब्द उचलला. "सगळ्यांनी वापरलाय," मावशी म्हणाली, "पण चाइन म्हणजे नक्की काय, ते एकालाही नीट सांगता येत नाही. लेखकांनी दुकान पाहिलेलंच नाही गं. त्यांनी फक्त ताट पाहिलंय."

"मग काय असतं ते?"

"वळ."

मी खुर्चीवर उलटी बसले. तिने डाव्या हाताचं बोट माझ्या मानेखाली ठेवलं आणि मणक्याच्या एका बाजूने कमरेपर्यंत ओढत नेलं. मग दुसऱ्या बाजूने. "आताचे लोक करवत लावतात आणि मणक्याच्या मधोमध चिरतात. दोन अर्धी होतात, काम झटपट. बाबा तसं नाही करायचे. ते या बाजूने एक घाव घालत यायचे, मग या बाजूने. मधला कणा अख्खा राहायचा, दोन्हीकडचं मांस धरून. ती चाइन. ते ती अशी वर काढायचे, की जसं काही पोराला अंघोळीच्या टबातून अलगद उचलावं. त्या करवती आल्या आणि तो तुकडाच बाजारातून गेला. शब्द तेवढा पुस्तकांत राहिला."

मला गुदगुल्या झाल्या होत्या आणि मी हसत होते. तिचा हात मात्र माझ्या पाठीवरच होता. मग ती म्हणाली, "कोणाच्या पाठीवरून हात फिरवून किती वर्षं झाली कोण जाणे." मी तशीच बसून राहिले, तिने हात काढून घेईपर्यंत.

कोशवाल्यांचा आणि तिचा या एका शब्दावरून वाद झाला होता, तेही तिने सांगितलं. त्यांनी कच्च्या मसुद्यात अर्थ दिला होता, 'मणक्यावरून मधोमध चिरलेल्या जनावराचा अर्धा भाग.' मावशीने कळवलं की हे साफ चूक आहे, माझे वडील असं असं करत. त्यांनी उलट लिहिलं, "आपल्या वडिलांच्या हाताला माझा मान आहे. पण कोशाला छापील पुरावा लागतो, आणि हात छापता येत नाही. असं वर्णन करणारं एक वाक्य कुठल्याही पुस्तकातून द्या, मी अर्थ बदलतो." असं वाक्य जगात कुठे नसेलच असं नाही. तिच्या वाचनालयात ते नव्हतं. तिने तीन वर्षं शोधलं.

"मग?" मी विचारलं.

"मग मिळालं," मावशी म्हणाली, आणि खोका बंद करायला लागली.

चौथ्या आठवड्यात जाड पाकीट आलं. तिला एका हाताने फोडता येईना म्हणून मी फोडलं. आत छापखान्यातून आलेलं प्रूफ होतं, 'सी' अक्षराचं एक पान, आणि सोबत पत्र. मावशी खुर्चीच्या कडेवर येऊन बसली. "वाच, वाच, मोठ्याने वाच."

चाइनचा अर्थ बदललेला होता. 'दोन्ही बाजूंनी घाव घालून अख्खा वेगळा काढलेला, मांसासह असलेला पाठीचा कणा.' मावशीने डोळे मिटून घेतले. खाली बारीक अक्षरात उदाहरण होतं, एका खेडेगावच्या खाटकाच्या आठवणींच्या पुस्तकातलं. मी ते इंग्रजी अडखळत वाचलं. आळशी माणसासारखं मधोमध न चिरता तो एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने सत्तूर घालत येई, आणि चाइन अख्खी वर काढी, जसं मुलाला टबातून उचलावं.

मी थांबले. पुन्हा एकदा ते शेवटचं वाचलं. मग मी मावशीकडे पाहिलं, आणि तिने नजर चुकवली.

"मावशी, हे पुस्तक कुठंय?"

तिने प्रूफाचं पान हळूच पालथं घातलं.

मग मी पत्र वाचलं. ते जरा घाईतलं होतं. या पुस्तकाची प्रत कुठल्याच ग्रंथालयात सापडत नाही, यादीतही नाव नाही. साल किंवा नाव उतरवताना चूक झाली असावी. पान छापखान्यात थांबवून ठेवलं आहे. कृपया येत्या पंधरा दिवसांत पुस्तक किंवा त्याच्या पहिल्या पानाची प्रत पाठवावी. खाली शाईने लिहिलं होतं, "आपली चूक बावीस वर्षांत पहिलीच, म्हणून विचारायला संकोच वाटतो."

मावशीने ते वाक्य स्वतः रचलं होतं. पुस्तकही रचलं होतं, लेखकही, सालही. "पान त्र्याण्णव टाकलं," ती म्हणाली. "का कोण जाणे."

मला आधी हसूच फुटलं. एवढी साधी बाई, मुंगीला वाट करून देणारी, आणि हिने अख्खं पुस्तक थापलं! पण तिचा चेहरा पाहून हसू विरलं. तिने टेबलाच्या खणातून एक पिवळा पडलेला कागद काढला, वाचकांसाठीच्या सूचना. दहावी सूचना तिने मला दाखवली. एखाद्या वाचकाची एक जरी चिठ्ठी बनावट आढळली, तर त्याच्याकडून पुढे चिठ्ठ्या घेतल्या जाणार नाहीत आणि आधीच्या सर्व संशयास्पद धरल्या जातील.

दोन दिवस ती धड जेवली नाही. खिडकीशी बसून राहायची. शेवटी मीच तोंड उघडलं. मी म्हटलं, "हे बघ मावशी, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. लिहू या, की पुस्तक रद्दीतलं होतं, सुटी पानं होती, वाळवीने खाल्ली. तुझ्याबद्दल हे कोणालाही पटेल. अर्थ तर खरा आहे ना? मग कोणाचं काय बिघडलं?"

"अर्थ खरा आहे," ती म्हणाली. "बाबांनी माझ्यासमोर शेकडो वेळा काढलीय चाइन. ते गेले, करवतवाले राहिले. उद्या कोश छापला आणि त्यात मधोमध चिरलेलीच राहिली, तर बाबा होते याला पुरावा काय?"

"तेच म्हणतेय मी. वाळवी."

तिने सूचनांचा तो पिवळा कागद खणात ठेवून दिला. मला वाटलं, पटलं. मी कागद पुढे ओढून वरती तारीखसुद्धा घातली. मग ती म्हणाली, "नको गं. तो एकच माणूस आहे जगात, मी जे लिहीन ते खरं मानणारा. तुम्ही सगळे मला हसता. हसा, त्याचं काही नाही. पण त्याने बावीस वर्षं माझा शब्द तपासला नाही. त्यालाच फसवू?"

मला तेव्हा तिचा रागच आला. मी म्हटलं, "खरं लिहिलंस तर तो पुन्हा पत्र लिहिणार नाही, कळतंय का तुला? मग बस एकटी भिंतीकडे बघत."

"कळतंय," मावशी म्हणाली. "लिही तू."

तिने सांगितलं आणि मी लिहिलं. पत्र छोटंच होतं. वाक्य माझं आहे. पुस्तक नाही. वडिलांचं काम खरं आहे. चूक माझी आहे, क्षमा मागत नाही कारण ती मागण्याजोगी नाही. खाली सही तिने डाव्या हाताने केली, शाळेतल्या पोरीसारखी वेडीवाकडी. टपालपेटीपाशी मी पाकीट हातात धरून उभी राहिले. टाकूच नये असं मनात आलं होतं. पण ती वरून खिडकीतून बघत होती.

मग वाट पाहणं सुरू झालं. टपालवाला दुपारी दोनच्या सुमाराला यायचा. दीड वाजता ती मला म्हणायची, केस जरा नीट कर गं माझे. मी करायचे. टपालवाला चष्मेवाल्याचं टपाल टाकायचा, समोरच्या शिंप्याचं टाकायचा आणि पुढे जायचा. मावशी म्हणायची, "आज त्यांच्याकडे काम फार असेल." पाचवा आठवडा असा गेला. प्लास्टर निघालं. हात काडीसारखा बारीक झाला होता, तो ती दुसऱ्या हातात धरून बसायची.

माझी निघायची तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा पत्र आलं. छापील कार्ड नव्हतं, साधं पाकीट, सगळं शाईने लिहिलेलं. ती म्हणाली, तूच वाच. मी वाचलं.

"आपलं पत्र मी समितीपुढे ठेवलं, न ठेवणं मला शक्य नव्हतं. नियमाप्रमाणे यापुढे आपल्या चिठ्ठ्या घेता येणार नाहीत. आधीच्या प्रत्येक चिठ्ठीचं मूळ पुस्तक काढून ताडून पाहायचं आहे, ते काम मी स्वतःकडे घेतलं आहे. आतापर्यंत तीनशे पाहिल्या, एकही चूक नाही. ते वाक्य काढून टाकलं आहे. अर्थ मात्र आपण दिला तोच ठेवतो आहे. मी गेल्या रविवारी आमच्याकडच्या सगळ्यात म्हाताऱ्या खाटकाकडे गेलो आणि नुसतं विचारलं, कणा अख्खा कसा काढतात. त्याने दोन्ही हातांनी हवेत घाव घालून दाखवले, आधी इकडून, मग तिकडून. समितीला मी सांगितलं की हा अर्थ माझ्या जबाबदारीवर जाईल. त्याच्याखाली उदाहरण असणार नाही. समितीच्या सूचनेवरून हे माझं आपल्याला शेवटचं पत्र. मी सोमवारचं टपाल उघडताना आधी आपलं पाकीट शोधत असे, हे कधी लिहिलं नव्हतं."

मी वाचून संपवलं तेव्हा मावशी हसत होती. खरंच हसत होती. "राहिले गं," ती म्हणाली, "बाबा राहिले त्यात." मग तिने मला पत्र पुन्हा वाचायला लावलं, तो म्हातारा खाटीक हवेत घाव घालतो तेवढंच. त्या दिवशी ती पोटभर जेवली. दोन अंडी खाल्ली आणि माझ्या पावातला अर्धा मागून घेतला. मला हायसं वाटलं, की चला, निभावलं.

संध्याकाळी मी बॅग भरत होते. ती खाटेवर बसून माझे कपडे घड्या घालून देत होती, लाँड्रीत शिकलेल्या नेटक्या घड्या. एका बाहीशी तिचा हात थांबला.

"आता मला कोण पत्र लिहिणार गं?" ती म्हणाली.

तक्रार नव्हती ती. तिने खरोखर विचारलं होतं, उत्तर माहीत नसल्यासारखं.

"मी लिहीन ना," मी म्हणाले.

"तू?"

"मी. अगदी दर आठवड्याला. बघच."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. मी त्या क्षणी मनापासूनच बोलले होते. तिने लगेच उठून नवी पाकिटं काढली आणि स्वतःचा पत्ता डाव्या हाताने त्यांवर लिहायला बसली, म्हणजे मला त्रास नको. सहा पाकिटं केली. मी ती बॅगेत टाकली.

पहिलं पत्र मी घरी पोचल्यावर आठवड्याने टाकलं, दीड पान. तिचं उत्तर उलट टपाली आलं, आठ पानं, अजून हात नीट वळत नसल्यामुळे अक्षर सगळं गिरगटलेलं. तिने कुठलं पुस्तक वाचायला घेतलंय, चष्मेवाल्याच्या सुनेला मुलगी झाली, खुर्ची परत केली नाही, त्याने राहू द्या म्हटलं. दुसरं पत्र मी महिन्याने लिहिलं. त्याचंही उत्तर उलट टपाली. मग मला नोकरी लागली. नवीन जागा, नवीन माणसं, आज लिहीन उद्या लिहीन करता करता दिवाणखान्यातल्या टेबलावर चार पाकिटं पडून राहिली. एकदा आईने विचारलंही, की मावशीचं काही कळतं का. मी म्हटलं, बरी असेल, तिचं ती वाचत असते.

सात महिन्यांनी चष्मेवाल्याचा फोन आला. मावशी झोपेतच गेली होती, त्रास काही झाला नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. मी म्हटलं, "आजारी होती का? तुम्ही कळवायचं तरी."

"नाही हो, आजारी कसल्या," तो म्हणाला. "कालपर्यंत तर दुकानात बसून होत्या माझ्या. रोजच यायच्या, दीड वाजला की केस विंचरून खाली यायच्या आणि टपालवाला पुढे जाईपर्यंत बसायच्या. मी म्हणायचो, बाई, आलं तर मी वर आणून देईन की. तर म्हणायच्या, नको, भाचीचं पत्र यायचंय, मीच घेते."